मत्ता व दायित्व विवरणपत्र: सामाईक सातबारा, घरातलं सोनं, साठेखतावरचा फ्लॅट, नक्की काय आणि कसं लिहायचं?

प्रश्न: आस्थापना लिपिक, कराड

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या एका राज्य शासकीय कार्यालयात आस्थापनेचं टेबल बघतो. ३१ मार्चच्या स्थितीची मत्ता व दायित्वाची (कर्मचाऱ्याकडे काय आहे आणि देणं किती, याची) विवरणपत्रं ३१ मेपर्यंत गोळा करायची आहेत. नमुने वाटले, पण शंका दरवर्षीच्याच. "गेल्या वर्षीची झेरॉक्स काढ, तारीख बदल आणि दे" हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो द्यायचा नाही, म्हणून इथे विचारतोय.

१) वडील वारल्यावर वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ, बहीण अशी चार नावं, वाटप नाही. पूर्ण क्षेत्र लिहायचं की हिस्सा? काही जण "वाटपच नाही" म्हणून सरळ निरंक (काहीच नाही) लिहितात.
२) पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. तिच्या पगारातून घेतलेला प्लॉट आणि तिचं सोनं दाखवायचं का?
३) सांगलीत फ्लॅटचं साठेखत (पुढे खरेदीखत करण्याचा करार) झालंय, ताबा नाही, मंजूर कर्जातले थोडेच पैसे उचललेत.
४) साखर कारखान्याचा शेअर, पतसंस्थेची ठेव, पाहुण्यांकडून हातउसने, हे किरकोळ म्हणून सोडलं तर चालतं का?

उत्तर: नियम एकोणीस

आधी पाया पक्का करू. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम १९ लागू होतो. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम वेगळे आहेत, १९६७ चे. भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी १९६८ च्या अखिल भारतीय सेवा नियमांखाली स्थावर मालमत्तेचं विवरण ३१ जानेवारीपर्यंत भरतात. सहकारी मित्र कोणत्या सेवेत आहे हे न बघता त्याचा नमुना उचलला की पहिली चूक तिथेच होते.

नियम १९ मध्ये दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, ठरावीक तारखेची स्थिती सांगणारं विवरणपत्र. दोन, व्यवहार करताना त्या त्या वेळी द्यायची माहिती. स्थावर मालमत्ता घ्यायची, विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची, तर सक्षम प्राधिकाऱ्याला ते आधी माहीत असायला हवं. समोरचा माणूस तुमच्या कामाच्या संबंधातला असेल तर नुसतं कळवून भागत नाही, पूर्वमंजुरी लागते. ठरलेल्या रकमेच्या वरची जंगम खरेदी, म्हणजे गाडी, दागिने, ती झाल्यापासून महिन्याच्या आत कळवायची. मे महिन्यात विवरणपत्रात फ्लॅट लिहिला म्हणून साठेखताच्या आधी न कळवल्याची चूक भरून निघत नाही. साठेखत झालेल्या तुमच्या कर्मचाऱ्याची नस्ती (फाइल) आजच काढून बघा, आधीचं पत्र आणि त्यावरची पोच आहे का ते.

नियमातले शब्दही नीट वाचा. स्वतःच्या नावावर, कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर "किंवा इतर कोणाच्याही नावावर" धारण केलेली मालमत्ता, असं त्यात आहे. सांगली-मिरज-कुपवाड भागात गुंठेवारीचे (शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले) कितीतरी प्लॉट असे आहेत की पैसे दिले, घर बांधलं, घरपट्टी चालू आहे, पण सातबारा अजून मूळ मालकाच्याच नावावर. उताऱ्यावर नाव नाही म्हणून विवरणपत्रातही नाही, हे चालणार नाही. कागद कोणता आहे (नोटरी, खरेदीखत, गुंठेवारी नियमितीकरणाचा दाखला) ते शेऱ्यात लिहून प्लॉट दाखवायचा.

पत्नीबद्दल: जोडीदार कुटुंबाच्या व्याख्येत येतो. तिच्या स्वतःच्या कमाईतून, तिच्याच हक्कात घेतलेल्या मालमत्तेवर कर्मचाऱ्याची मालकी नसते, हे खरं. पण तो प्लॉट दाखवून शेऱ्यात "पत्नीच्या वेतनातून, तिच्या बँक खात्यातून रक्कम अदा" असं लिहिण्यात नुकसान काहीच नाही, फायदा मोठा आहे. खरेदीच्या वेळचं तिचं पासबुक आणि वेतनचिठ्ठ्या घरच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा. आणि अर्धे पैसे नवऱ्याच्या खात्यातून गेले असतील तर "पत्नीची मालमत्ता" म्हणून हात झटकता येणार नाहीत.

उत्तर: सातबारा उतारा

आस्थापना दादा, पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण सातारा-सांगलीकडच्या विवरणपत्रांत सगळ्यात जास्त घोळ शेतीच्या रकान्यात असतो.

समजा गटाचं क्षेत्र १.२०.०० आहे, म्हणजे १ हेक्टर २० आर, एकूण १२० आर. चार वारस: आई, दोन भाऊ, बहीण. कर्मचारी काय करतो? "दोघा भावांची जमीन" म्हणून ६० आर लिहितो. कोणी आईला धरतो आणि ४० आर लिहितो. दोन्ही चूक. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत वाटेकरी) आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये त्यावरचा वाद मिटवलाय. वडिलांची जमीन वडिलोपार्जित असो की स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नसेल तर या चौघांत प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. वडिलोपार्जित असेल तर वडिलांच्या मृत्यूच्या वेळी काल्पनिक वाटप धरून वडील, आई आणि तीन मुलं असे पाच हिस्से होतात, मग वडिलांचा पाचवा हिस्सा चौघांत वाटला जातो. एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे चौथाच. कर्मचाऱ्याचं क्षेत्र ३० आर.

बहिणीने हक्कसोडपत्र दिलंय असं तोंडी सांगतात. ते नोंदणीकृत आहे का आणि त्याचा फेरफार (गावदप्तरातली हक्कबदलाची नोंद) मंजूर झालाय का, एवढं बघा. साध्या कागदावर सही घेतली असेल तर हिस्सा चौथाच लिहायचा. उलट नोंदणीकृत असेल तर बहिणीचा हिस्सा ज्याच्या लाभात सोडलाय त्याच्या नावे वाढतो, आणि तीही एक संपादनाची घटना आहे, तारखेसह लिहायची.

लिहिताना असं लिहावं: गाव, तालुका, जिल्हा, गट नंबर, एकूण क्षेत्र १.२०.०० (पोटखराब्यासह, म्हणजे लागवडीलायक नसलेल्या भागासह), सामाईक, इतर हिस्सेदारांची नावं व नातं, स्वतःचा अविभक्त हिस्सा ०.३०.००. संपादनाचा प्रकार: वारसाहक्क. संपादनाची तारीख वडिलांच्या मृत्यूची. फेरफाराची नाही, कारण हक्क मृत्यूच्या दिवशीच मिळतो, फेरफार त्याची फक्त नोंद घेतो. फेरफार नंबर शेऱ्यात. "अंदाजे पाऊण एकर" असं मोघम लिहू नका. उताऱ्यावर आर आहेत तर आरच लिहा.

आता उत्पन्नाचा रकाना. आपल्याकडे ऊस नोंद बहुतेक एकाच भावाच्या नावावर असते आणि सगळ्या घराचं बिल त्याच्याच खात्यावर पडतं. तो भाऊ नोकरदार असेल तर खात्यात १२० आरच्या उसाचे पैसे आणि विवरणपत्रात ३० आरचं उत्पन्न, असा ताळमेळ न बसणारा हिशोब तयार होतो. त्यावर उपाय एकच: बिल आलं की आईचा, भावाचा, बहिणीचा वाटा त्यांच्या त्यांच्या खात्यावर बँकेतूनच पाठवा. तासगावचा बेदाणा असो की सांगलीची हळद, अडत्याची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) टाकून देऊ नका. शेतीचं उत्पन्न नुसतं तोंडाने सांगितलेलं कोणी मानत नाही, पट्टी आणि बँक नोंद मानतात.

किंमतीबद्दल एक गोष्ट. दरवर्षी रेडी रेकनर (सरकारी बाजारमूल्य दर) बघून आकडा फुगवू नका. खरेदीची मालमत्ता असेल तर खरेदी किंमत कायम ठेवा आणि सध्याचं मूल्य वेगळं लिहा. नाहीतर काही न घेताही मालमत्ता वाढल्याचं चित्र उभं राहतं.

उत्तर: करसल्ला मिरज

वरच्या मुद्द्याला जोडून. प्राप्तिकराचा 'सहज' म्हणजे आयटीआर-१ हा नमुना शेती उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत असेल तरच चालतो. त्यावर गेलं की आयटीआर-२. पगारदार लोक ऊस बिल लाखात असूनही सवयीने सहज भरतात, आणि मत्तेच्या विवरणपत्रात शेती उत्पन्न दाखवतात. सरकारकडेच दोन कागद, दोन वेगळे आकडे. शेती उत्पन्न करमुक्त आहे म्हणून दाखवायचं नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

सोन्याबाबत हमखास ऐकू येणारी समजूत: "विवाहित बाईचं ५०० ग्रॅमपर्यंत सोनं दाखवावं लागत नाही." तो आकडा मे १९९४ च्या प्राप्तिकर सूचनेतला आहे. छाप्यात विवाहित स्त्रीचे ५००, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंत दागिने जप्त करू नयेत, एवढंच ती सांगते. वर्तणूक नियमांशी तिचा काही संबंध नाही. दागिने वजनासह लिहा, तोळ्यात नको, ग्रॅममध्ये. लग्नात आलेलं, आईकडून आलेलं, विकत घेतलेलं, असं वेगळं लिहा. विकत घेतलेल्याची पावती ठेवा.

फ्लॅट: ३१ मार्चपर्यंत बिल्डरला प्रत्यक्ष दिलेली रक्कम (स्वतःची आणि बँकेने वितरित केलेली, दोन्ही मिळून) मत्तेत. दायित्वात त्या दिवशी फेडायचं बाकी असलेलं मुद्दल. मंजूर कर्जाची पूर्ण रक्कम नाही. बँकेकडून ३१ मार्चचा कर्जखाते उतारा घ्या म्हणजे आकडा अंदाजाने लिहावा लागणार नाही. शेऱ्यात साठेखताचा दस्त क्रमांक आणि "ताबा मिळालेला नाही". भविष्य निर्वाह निधीतून किंवा कर्मचारी पतसंस्थेकडून उचल घेतली असेल तर तीही लिहा. नाहीतर फ्लॅट दिसतो आणि पैसा कुठून आला ते दिसत नाही.

कारखान्याचा शेअर आणि पतसंस्थेची ठेव किरकोळ नाहीत. शेअर आणि ठेवी नियमात नावानिशी आहेत. सूट आहे ती भांडी, कपडे, पुस्तकं अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंना. हातउसने २०,००० किंवा त्याहून जास्त असतील तर रोखीत घ्यायला प्राप्तिकर कायदा मनाई करतो. नात्यातले असले तरी बँकेतूनच घ्या आणि दायित्वात दाखवा.

निरंक लिहिणाऱ्यांना हे जरूर दाखवा. बेहिशेबी मालमत्तेच्या चौकशीत लाचलुचपत प्रतिबंधक विभाग एक कालावधी ठरवतो. सुरुवातीची मालमत्ता, शेवटची मालमत्ता, मधलं उत्पन्न, मधला खर्च, असा हिशोब मांडला जातो. सुरुवातीची मालमत्ता बघायला जुनी विवरणपत्रंच काढतात. तिथे निरंक असेल तर लग्नातलं सोनं आणि वाडवडिलांची जमीनसुद्धा "याच काळात मिळवलेली" या बाजूला जाऊन बसते, आणि ती आधीची आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १३ ची शिक्षा किमान ४ वर्षं, कमाल १० वर्षं आहे. "दहा टक्के जास्त असलं तरी चालतं" असंही म्हणतात. ते सर्वोच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालातलं, त्या प्रकरणाचा हिशोब तपासतानाचं मत आहे. जाहीर न करण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

पुन्हा: आस्थापना लिपिक, कराड

मनापासून आभार. ३० आरचा हिशोब तसाच नोटीस बोर्डावर लावतो. अजून दोन गोष्टी. ज्यांनी मागची दोन-तीन वर्षं निरंक दिलं त्यांनी आता काय करायचं? आणि एका नागरिकाने माहिती अधिकारात सगळ्यांच्या विवरणपत्रांच्या प्रती मागितल्यात. द्यायच्या की नाही?

उत्तर: माहिती अधिकार, सातारा

प्रती देऊ नका, पण अर्ज सरसकट फेटाळूही नका. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये मालमत्तेचा आणि प्राप्तिकराचा तपशील वैयक्तिक माहिती ठरवला. व्यापक जनहित दाखवलं तरच तो उघड होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ (१) (ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद, आणखी आवळलं. तरीही कलम ८ (२) (जनहित मोठं असेल तर माहिती देता येते) शिल्लक आहे, म्हणून नकार देताना जनहिताचा विचार केल्याची दोन ओळींची कारणमीमांसा लिहा. "वैयक्तिक माहिती, सबब नाकारली" एवढ्यावर पहिल्या अपिलात आदेश टिकवणं अवघड जातं.

किती जणांना विवरणपत्र लागू, किती जणांनी मुदतीत दिलं, किती जणांनी दिलं नाही (पदनामनिहाय), आणि न देणाऱ्यांवर काय कार्यवाही झाली, ही आकडेवारी मात्र द्या. त्यात कोणाचं खासगी काही नाही, आणि कार्यालय आपलं काम करतंय की नाही हे जाणून घेण्याचा नागरिकाला पूर्ण हक्क आहे. अर्जदार इथे वाचत असतील तर त्यांनीही हेच मागावं. एका अर्जात एक विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील.

उत्तर: नियम एकोणीस

जुन्या निरंकबद्दल. नस्तीतलं जुनं विवरणपत्र काढून नवं घालायचं नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. तो अभिलेखात फेरफार होतो आणि तुम्ही अडकता. कर्मचाऱ्याने सक्षम प्राधिकाऱ्याला आजच्या तारखेचा अर्ज द्यावा: अमुक वर्षांच्या विवरणपत्रांत अमुक गटातला वारसाहक्काचा हिस्सा नमूद करायचा राहिला, संपादनाची तारीख ही, फेरफार क्रमांक हा, सोबत सातबारा, आठ अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार उतारा. त्यासोबत प्रत्येक वर्षाचं पुरवणी विवरणपत्र. आवक नंबर पडलेली पोच त्याच्या हातात द्या. खुलासा मागवला जाईल, कदाचित शिस्त व अपील नियमांखाली कार्यवाहीही होईल. तरी चौकशीआधी स्वतःहून दिलेला कागद आणि चौकशीत सापडलेली जमीन यांत फार अंतर आहे.

तुमच्या टेबलावर एक नोंदवही ठेवा: नाव, पदनाम, विवरणपत्राचं वर्ष, मिळाल्याची तारीख, पोच दिल्याची सही. पाकिटं बंद असतील तर उघडायची नाहीत, वर नाव आणि वर्ष आहे एवढंच बघायचं. पदोन्नतीचा प्रस्ताव जाताना विवरणपत्र दिल्याचा दाखला मागतात, तेव्हा याच वहीवरून तो मिनिटात देता येतो. १ जूनला न देणाऱ्यांची यादी टिपणीसह कार्यालयप्रमुखांपुढे ठेवा आणि त्यावर त्यांचा शेरा घ्या.