सात वर्षांच्या गॅपनंतर परत इंग्रजी शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

अल्पविराम:

नमस्कार मंडळी, बरेच महिने हा प्रश्न मनात घोळतोय, आज धीर करून विचारतेय. मी सहा वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत होते, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही आणि ज्यांना कामासाठी नाहीतर पुढच्या शिक्षणासाठी ते लागतं अशांना. सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं सर्टिफिकेट, केलेलं आहे. बहुतेक बॅचेस बी-वन, बी-टू म्हणजे मधल्या लेव्हलच्या असायच्या, शेवटची दोन वर्षं आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या पण घेतल्या. मग मुलगी झाली, ती जरा मोठी होतेय तोवर बाबांचं दुखणं निघालं आणि बघता बघता सात वर्षं गेली. बाबा मागच्या वर्षी गेले. आता दुपारचे चार तास रिकामे असतात आणि खरं सांगू का, मला वर्गाची फार आठवण येते. महिनोन्महिने अडलेलं वाक्य एखाद्याच्या तोंडून अचानक सरळ बाहेर पडतं तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते शिकवणाऱ्यांना माहीत आहे, मला ते परत बघायचंय.

पण भीती वाटतेय. सेल्टाला इतकी वर्षं झाली, ते अजून चालतं का की परत काहीतरी कोर्स करावा? सीव्हीवर सात वर्षांची मोकळी जागा दिसते तिचं काय सांगू? सगळं ऑनलाइन झालंय, विद्यार्थी एआयकडून निबंध लिहून घेतात म्हणे, मी सोडलं तेव्हा यातलं काही नव्हतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे माझं मलाच येतंय का अजून? गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एकाने सहज विचारलं की 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' आणि 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स' यात फरक काय. पूर्वी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्या दिवशी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही, घरी येऊन जुनी फाइल काढून बसले तर माझ्याच लेसन प्लॅनच्या कडेला लिहिलेल्या खुणा मला कळेनात. रात्रभर झोप नाही लागली.

कोणी असं परत आलंय का? प्लीज सांगा.

खडूची_धूळ:

ताई, पहिलं म्हणजे सर्टिफिकेटची काळजी मनातून काढून टाका. सेल्टाला मुदत नसते. एकदा १२० तासांचा कोर्स आणि त्यातलं सहा तासांचं निरीक्षणाखालचं शिकवणं पूर्ण केलंत की ते तुमचं, ट्रिनिटीच्या सर्टटेसॉल या तशाच दुसऱ्या सर्टिफिकेटचंही तसंच. परत तोच कोर्स करण्यात पैसे घालू नका. काही ठिकाणी अलीकडचा अनुभव मागतात हे खरं आहे, पण तो शिकवूनच मिळतो, कोर्स करून नाही.

मी आमच्याकडे शिक्षक निवडताना डेमोला, म्हणजे नमुन्याच्या तासाला, बसतो म्हणून सांगतो. गॅपबद्दल सीव्हीत एक ओळ पुरे, 'कौटुंबिक जबाबदारीमुळे या वर्षापासून या वर्षापर्यंत कामाबाहेर'. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, सात वर्षं घर सांभाळलेल्या माणसाने त्याबद्दल सॉरी म्हटलेलं मला आवडत नाही. मी मोकळ्या जागेकडे बघतच नाही, मी डेमोच्या पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी बघतो, सूचना दोन छोट्या वाक्यांत देता येते का, आणि विद्यार्थी बोलत असताना शिक्षक ऐकतोय की पुढची स्लाइड शोधतोय.

आता तुमचा तो प्रश्न. 'लिव्ह' आणि 'वर्क' या क्रियापदांना 'फॉर' किंवा 'सिन्स' लावलं की दोन्ही रूपांचा अर्थ जवळपास एकच होतो, त्यामुळे तुम्हाला फरक सांगता आला नाही यात नवल नाही, त्या जोडीत तो फारसा नाहीच. फरक बघायचा तर क्रियापद बदला. 'आय हॅव रेड द बुक' म्हणजे पुस्तक वाचून झालं, 'आय हॅव बीन रीडिंग द बुक' म्हणजे वाचतोय, संपलं की नाही ते सांगितलेलं नाही. आपल्याकडे 'वाचलंय' आणि 'वाचत आलोय' म्हणतो त्याच्या जवळचं. तुम्ही विसरला नाही आहात, प्रश्नच अवघड जोडीवर आला.

मधली_सुट्टी:

अगं अल्पविराम, तुझं वाचून डोळ्यात पाणी आलं, मी नऊ वर्षांनी परत आले तेव्हा अगदी हेच, फाइल उघडून बसायचं आणि स्वतःच्याच अक्षराकडे परक्यासारखं बघायचं. तुझ्या त्या खुणा बहुतेक समजलं का ते तपासायच्या प्रश्नांच्या असणार, प्रत्येक नव्या रचनेसमोर आपण दोन-तीन लिहून ठेवायचो ना.

मी नेमकी तीच गोष्ट विसरले होते म्हणून माझा पहिला महिना सांगते. ऑनलाइन, एकच विद्यार्थिनी, मातृभाषा फ्रेंच. ती म्हणाली 'आय अ‍ॅम हिअर सिन्स थ्री इयर्स'. फ्रेंचमधे अजून चालू असलेल्या गोष्टीला साधा वर्तमानकाळच वापरतात, त्यामुळे ही चूक त्या विद्यार्थ्यांकडून येणारच. मी खूश झाले की चला, हे मला येतं, आणि स्क्रीनवर टाइमलाइन काढून, बाण काढून, रंग बदलून दहा मिनिटं समजावलं. शेवटी विचारलं समजलं का, ती हो म्हणाली. पुढच्या तासाला पहिलंच वाक्य, 'आय अ‍ॅम मॅरिड सिन्स टू थाउजंड फिफ्टीन'. मग रात्री मी माझ्या त्या तासाचं रेकॉर्डिंग ऐकलं (तिची परवानगी घेऊन केलेलं) आणि घड्याळ लावून मोजलं, त्या दहा मिनिटांत ती अकरा सेकंद बोलली होती. मला कसंतरीच झालं. तिसऱ्या वेळी काही समजावलं नाही, तिचंच वाक्य बोर्डवर नीट करून लिहिलं आणि एवढंच विचारलं, तुमचं लग्न कधी झालं? आज तुम्ही विवाहित आहात का? मग एक क्रियापद दोन्ही काळांना जोडतंय ते कुठे दिसतं? ती बघत राहिली, मी गप्प राहिले, आणि तिनेच 'हॅव बीन' खाली रेघ मारली. त्या दिवसानंतर ती चूक झाली तरी तिची तीच थांबते आणि दुरुस्त करते.

माझ्या मते गॅपमधे गंज चढतो तो व्याकरणाला नाही, थांबण्याला. घरात, आजारपणात आपण सतत समोरच्याच्या आधी करून टाकतो, औषध, पाणी, वाक्य पूर्ण करणं, सगळं. वर्गात ते उलटं लागतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमधे हे मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. परक्या भाषेत तर माणसाला आधी वाक्य जुळवायचं असतं, तिथे तीन सेकंदही कमीच. मी टेबलाखाली बोटं मोजायचे, पाच होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

आणि अजून एक, तुझं मराठी ही तुझी जमेची बाजू आहे. आपण 'मी काल आलोय' बिनधास्त म्हणतो म्हणून आपलेच लोक 'आय हॅव कम यस्टरडे' असं चुकीचं म्हणतात. ही वाट तू स्वतः चालली आहेस. आर्टिकल्स पण आपल्या भाषेत नाहीत, त्यामुळे जपानी किंवा रशियन माणूस 'द' कुठे लावायचा म्हणून रडकुंडीला येतो तेव्हा तुला त्याचं आतून कळतं.

सुरुवातीला कोणीतरी एक ओळखीचा विद्यार्थी घे, आठवड्यातून दोन तास, हवं तर फुकट. रेकॉर्ड कर आणि फक्त पहिली दहा मिनिटं ऐक, सगळं ऐकू नकोस, खचून जाशील.

घंटा_तिसरी:

मधली_सुट्टीला +१, पण फुकटला माझा विरोध. मी तसंच केलं होतं, सहा महिने, आणि तो विद्यार्थी दर तिसरा तास रद्द करायचा कारण त्याचं काही जात नव्हतं, आणि नंतर पैसे मागायला माझीच जीभ उचलेना. थोडे घ्या पण घ्या, चार तासांचे आगाऊ घ्या.

मी फक्त परीक्षांचे क्लास घेतो म्हणून त्याबद्दल लिहितो, तिथे सात वर्षांत बरंच हललंय. आयेल्ट्सचा साचा तुम्ही सोडलात तसाच आहे, बोलण्याचे तीन भाग, ११ ते १४ मिनिटं, लिहिण्याला ६० मिनिटांत १५० आणि २५० शब्दांची दोन टास्क, फक्त आता बरेच जण कॉम्प्युटरवर देतात आणि कॉम्प्युटरवर दिली असेल तर पुष्कळ ठिकाणी एकच स्किल परत देता येतं. तुमचं तिथलं काही वाया गेलेलं नाही. टोफेल या दुसऱ्या परीक्षेचं मात्र जुनं मटेरियल सरळ बाजूला ठेवा. जुलै २०२३ मधे ती तीन तासांवरून दोन तासांच्या आत आणली, स्वतंत्र निबंध गेला आणि त्याजागी वर्गातल्या चर्चेला उत्तर लिहायचं टास्क आलं, आणि २०२६ च्या जानेवारीपासून परत बदल, गुण १ ते ६ च्या पट्टीवर आणि वाचन-ऐकणं उमेदवाराच्या उत्तरांनुसार सोपं-अवघड होणारं. केंब्रिजच्या ए-टू की आणि बी-वन प्रिलिमिनरी या परीक्षा पण २०२० पासून नव्या स्वरूपात आहेत. कुठलीही बॅच घ्यायच्या आधी परीक्षेच्या अधिकृत साइटवरचा नमुना पेपर स्वतः घड्याळ लावून सोडवा, एक संध्याकाळ जाते पण वर्गात उभं राहताना पाय लटपटत नाहीत.

एआयचं म्हणाल तर चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मधे आलं आणि पुढच्या दोन-चार महिन्यांतच माझ्याकडे घरून येणारे निबंध एकदम गुळगुळीत यायला लागले, सगळ्यांचे एकाच आवाजातले. पकडापकडी करण्यात मी बराच वेळ घालवला, त्यातून फक्त कडूपणा आला. आता लिखाण वर्गातच, शेवटची पंधरा मिनिटं, हाताने. घरी फक्त त्याचीच सुधारणा, आणि सुधारणेला एआय वापरलं तर चालेल पण काय बदललं आणि का ते पुढच्या तासाला तोंडी सांगायचं. हे सांगताना जी धडपड होते ना, त्यात खरं शिकणं होतं. तुम्ही स्वतः त्याच्याकडून वर्कशीट करून घेणार असाल तर प्रत्येक ओळ तपासा. मला एकदा गाळलेल्या जागा दिल्या होत्या, 'आय डॅश देअर फॉर टू इयर्स', पर्यायांत 'वर्क्ड' आणि 'हॅव वर्क्ड' दोन्ही. दोन्ही बरोबर होऊ शकतात, नोकरी सोडली की नाही यावर आहे. हुशार मुलीने विचारलं आणि मी तपासलेलं नव्हतं.

शब्दांगण:

एक राहिलं म्हणून लिहिते. अल्पविराम, 'माझं मलाच येतंय का' यामागे उच्चाराची भीती असते बऱ्याचदा, निदान माझ्यात होती. युरोपच्या भाषा चौकटीची, तेच ते ए-वन ते सी-टू, २००१ मधे आली ती, २०२० मधे पुरवणी आली आणि तिच्यात लेव्हलच्या वर्णनातून 'नेटिव्ह स्पीकर' हा शब्दच काढून टाकलाय. उच्चाराची पट्टी पण नव्याने लिहिली, तिथे आता समोरच्याला नीट कळतं का याला महत्त्व आहे. हे वाचलं त्या दिवशी मला केवढं हलकं वाटलं काय सांगू. जाहिरातींमधे अजून 'नेटिव्ह पाहिजे' दिसतं, तिथे अर्ज न करता पुढे जाते, दुसऱ्या जागा असतात.

तरी एक मात्र रोज दहा मिनिटं करा, आपल्या 'व' चा सराव. आपण 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' एकाच ओठांनी म्हणतो, एकाला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे आणि दुसऱ्याला ओठ गोल करायचे. मी आरशासमोर केलं. माझ्या एका स्पॅनिश विद्यार्थ्याला 'व्हेरी' आणि 'बेरी' वेगळं काढायला जमत नव्हतं, मी त्याला माझा आरसा दाखवून म्हटलं, माझा 'व' मला असा शिकायला लागला, आणि आम्ही दोघांनी मिळून सराव केला. मला वाटतं त्या दिवशी तो पहिल्यांदा मोकळेपणाने चुकला.

अल्पविराम:

सगळ्यांचे प्रतिसाद तीन-तीनदा वाचले, काय लिहू. खडूची_धूळ सर, तो 'लिव्ह्ड' आणि 'लिव्हिंग' वाला दगड छातीवरून उतरला, त्या ओळखीतल्या माणसाला फोन करून सांगितलं सुद्धा, तो बिचारा विसरूनही गेला होता. घंटा_तिसरी, पैशाचं पटलं, थोडे घेणार. आयेल्ट्सचा नमुना पेपर परवा सोडवला, वाचनात शेवटचे चार प्रश्न वेळेत झाले नाहीत, म्हणजे तिथे काम करायचंय.

आणि मधली_सुट्टी, काल पहिला तास घेतला गं. त्याच माणसाच्या ऑफिसमधली एक कोरियन मुलगी, बी-वनच्या आसपास. मी तिला विचारलं आठवड्यात सगळ्यात जास्त इंग्रजी कुठे लागतं, आणि टेबलाखाली बोटं मोजायला लागले. तिसऱ्या बोटाला वाटलं आता आपणच पर्याय सुचवावेत, मीटिंगमधे का, फोनवर का. नाही सुचवले. पाचवं बोट झालं, परत पहिल्यावर आले, आणि मग ती म्हणाली, 'व्हेन आय वाँट टू से नो'. पूर्ण तास त्याच्यावरच गेला. माझ्या प्लॅनमधे इकडच्यातिकडच्या गप्पा, ओळख करून देणं असं काय काय होतं, ते तसंच राहिलं. पुढचा तास गुरुवारी आहे, बॉसला नाही कसं म्हणायचं त्याची वाक्यं काढतेय, कोणाकडे चांगले रोलप्ले असतील तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.