गोळी दुप्पट करण्याआधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा बघा

तुमच्या वहिनीला पाचवा महिना आहे, महिनाभर लोहाची गोळी घेऊनही हिमोग्लोबिन ९.६ वरून हललं नाही, म्हणून गोळी दुप्पट करावी का, असं तुम्ही विचारलंय. आधी रिपोर्टमधला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार बघा. इथे इंदूरला माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी एमसीव्ही अवघा ६४ आणि लाल पेशी मात्र ५३ लाख होत्या. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही घटतात. लहान पण भरपूर पेशी दिसल्या तर थॅलेसीमिया मायनरची, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषाची शंका घ्यायची. तिचं एचबीए२ (मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.१ टक्के आलं, साधारण ३.५ च्या आत हवं.

पण मायनर आहे म्हणून लोह बंद, हे चूक! आमच्याकडेही हा सल्ला मिळाला होता, आणि त्यात तिचे तीन आठवडे वाया गेले. दोन्ही एकत्र असू शकतं. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह हवंच. साठा भरलेला असेल तर दुप्पट गोळीने काही चढत नाही. फॉलिक ॲसिड चालूच ठेवायचं. आणि गोळी सकाळच्या पोह्या-चहासोबत नको, चहा लोह शोषू देत नाही.

भावाची एचबीए२ तपासणी मात्र उद्याच करा. दोघंही मायनर निघाले तर बाळाला मेजर, म्हणजे थॅलेसीमियाचा गंभीर प्रकार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि पाचव्या महिन्यात गर्भाच्या तपासणीला फार वेळ उरलेला नाही.