बालवाडीतले रंगीत मणी-ठोकळे: गणित येतं की नुसता खेळ होतो?

पाटीपेन्सिल: हल्ली ज्याला त्याला 'ॲक्टिव्हिटी बेस्ड' प्लेस्कूल पाहिजे. पण मण्यांवर शिकलेलं पोर वहीतल्या आकड्यांना आपोआप लावतं असं धरून चालतात ते मला पटत नाही. अमेरिकेत ज्युडी डिलोच या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये एक प्रयोग छापला होता. खोलीचं छोटं मॉडेल, त्यात पोरासमोर खेळणं लपवायचं आणि सांगायचं, मोठं खेळणं मोठ्या खोलीत तिथंच लपलंय, जा शोध. तीन वर्षांची बहुतेक पोरं सरळ जाऊन काढायची, अडीच वर्षांची भलतीकडेच बघायची. विसरली म्हणावं तर मॉडेलमधलं बरोब्बर काढून द्यायची!

चिंचबोर: अहो पण अडीच वर्षांच्या पोराचा दाखला देऊन केजीतल्या पाच वर्षांच्याला का नापास करताय? आणि त्याच बाईंचा १९९७ चा प्रयोग सोयीस्कर गाळलात. मशीननं खोली लहान केलीय असं पोरांना पटवलं तर अडीचवालीही शोधून काढायची.

पाटीपेन्सिल: गाळला नाही, तो माझ्याच बाजूचा आहे! खोली तीच आहे असं वाटलं म्हणून जमलं, एकावरून दुसरं ओळखायची गरजच उरली नाही. आणि तीन वर्षांच्यांना आधी मॉडेलशी खेळू दिलं तर त्यांचं बिघडलं, उलट मॉडेल काचेआड ठेवलं तर अडीचवाल्यांना जास्त जमलं. म्हणजे वस्तू जितकी खेळण्यासारखी तितकी ती दुसऱ्या कशाची खूण आहे हे पोराला दिसत नाही. मग ते चमकणारे अस्वलाचे ठोकळे कशाला?

चिंचबोर: मग काय पाटीवर पाढे घोकायचे? हाताळल्याशिवाय पाच म्हणजे किती हे कळणार कसं?

खडूफळा: मी झेडपी शाळेत पहिलीला शिकवते. दोघंही टोकाला गेलात बघा. आम्ही दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करतो, एक गठ्ठा तीन सुट्या मांडल्या की तिथंच शेजारी १३ लिहायचं, मग काडी काढली की आकडा पोरानंच बदलायचा. आठवडाभर नुसतं मांडून घेतलं आणि नंतर वही उघडली तर पोरं १३ ला एक आणि तीन मिळून चार काड्या मांडतात, दर वर्षी.

चिंचबोर: म्हणजे वस्तू लागतातच ना ताई.

पाटीपेन्सिल: लागतात, पण साध्या. काडीला कोणी खेळणं समजत नाही.

खडूफळा: दादा, या एकदा वर्गावर. पहिल्या दिवशी सगळ्या काड्यांच्या तलवारी होतात.