मदत हवी आहे: मक्तेदार ४१वा नग का विकत नाही?

बऱ्याच वर्षांनी पुन्हा अर्थशास्त्र उघडलंय. पूर्ण स्पर्धा चटकन कळली. विक्रेते इतके की एकट्याच्या असण्या-नसण्यानं भाव हलत नाही, बाजारात जी किंमत असेल ती मुकाट घ्यायची. त्यामुळे किंमत आणि सीमांत प्राप्ती (एक नग जास्त विकल्यावर हाती येणारी वाढीव रक्कम) एकच. गाडी अडलीय मक्तेदारीपाशी, म्हणजे बाजारात विक्रेता एकच असतो तिथं.

समजा, किंमत = १०० − नग, आणि प्रत्येक नगाचा सीमांत खर्च, म्हणजे एक नग जास्त बनवायचा खर्च, २० (स्थिर खर्च नाहीच असं धरलंय). स्पर्धेत किंमत २० पर्यंत उतरते, ८० नग खपतात. मक्तेदार मात्र ४० नगांवर थांबतो, किंमत ६०. आता ४१वा नग ५९ला जाईल ना? खर्च २०. म्हणजे ३९ सरळ खिशात! मग थांबतो कशाला? आणि मालक तोच आहे तर ६०च का, ९० का नाही? दोन दिवस डोकं खाजवतोय.

प्रतिसाद १
तुमचे ३९ कागदावरचे आहेत. ४१वा नग ५९ला विकायचा तर आधीचे ४०ही ५९लाच द्यावे लागतात, प्रत्येकी १ गेला. ४० × ६० = २४००, ४१ × ५९ = २४१९. हाती आले १९, खर्च २०. म्हणजे १चा तोटा. सीमांत प्राप्ती किमतीच्या खाली राहते ती एवढ्यासाठीच. स्पर्धेतल्या विक्रेत्याला ही भीती नाही, कारण त्यानं एक नग जास्त आणला म्हणून भाव पडत नाही.
९०चं म्हणाल तर गिऱ्हाईकं १०च उरतात, नफा ७००. ६०ला तो १६०० आहे. किंमत त्याच्या हातात, मागणी नाही.

मूळ धागाकर्ता
अरे देवा, आधीच्या ४० नगांचं लक्षातच आलं नाही! मग प्रत्येकाकडून वेगळी किंमत घेता आली तर?

प्रतिसाद १
तर ४१वाही विकेल आणि थेट ८०पर्यंत जाईल. उत्पादन स्पर्धेइतकंच, पण उपभोक्त्याचं संतोषाधिक्य (गिऱ्हाईक जितके द्यायला तयार होतं आणि प्रत्यक्षात जितके दिले यातला फरक) शून्य, कारण ते सगळं ३२०० त्याच्याच गल्ल्यात. एकच किंमत असताना मात्र त्यातले ८०० ना त्याला मिळतात, ना गिऱ्हाइकाला. मागणीची आणि सीमांत खर्चाची रेघ काढून आकृतीत तो त्रिकोण शोधा, ४० आणि ८० नगांच्या मध्ये.