हिवाळा ओलांडून काढायच्या कांद्याचे बी नेमके केव्हा टाकावे?

प्रश्न (परसबाग): गेल्या वर्षी मी जुलैच्या अखेरीस गादीवाफ्यावर कांद्याचे बी टाकले आणि सप्टेंबरच्या मध्याला रोपे लावली. ऑक्टोबर संपेपर्यंत ती इतकी जोमदार झाली की पाहून समाधान वाटत होते. आमच्याकडे हिवाळ्यात काही आठवडे जमीन गोठते, तरीही बहुतेक रोपे जगली. मात्र एप्रिल संपता संपता निम्म्याहून अधिक रोपांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले. एक कांदा कापून पाहिला, तर त्याच्या पोटात कडक दांडा तयार झालेला होता. बी खराब होते, खत कमी पडले, की वेळ चुकली? यंदा तारखा कशा ठरवाव्यात, हे अनुभवींनी कृपया सांगावे.

उत्तर (गादीवाफा): आपली वेळच चुकली, आणि तीही घाई झाल्यामुळे. कांदा हे द्विवर्षायू पीक आहे. तो आधी पोसतो आणि थंडी सोसल्यावर फुलतो. रोप कोवळे असताना थंडी लागली तरी ते फुलोऱ्याकडे वळत नाही. पण मान, म्हणजे कांद्याच्या वरचा पातीचा बुंधा, पेन्सिलीएवढी जाड झाल्यावर त्याला काही आठवडे साधारण 5 ते 10 अंश तापमान मिळाले, की आपला एक हिवाळा झाला असे धरून ते वसंतात डेंगळा काढते. आपल्याला ज्या जोमाचे समाधान वाटले, तोच येथे नडला.

म्हणून तारखेपेक्षा मानेच्या जाडीकडे लक्ष द्यावे. कडाक्याची थंडी सुरू होताना मान पेन्सिलीहून बारीक हवी, मात्र मुळे जमिनीत घट्ट रुजलेली हवीत. उत्तर गोलार्धात जमीन गोठते अशा ठिकाणी ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा बी टाकण्यास योग्य ठरतो. हिवाळा सौम्य असेल तर ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत थांबता येते. रोपे सहा ते आठ आठवड्यांची झाली की, जमीन गोठण्यास किमान चार-पाच आठवडे उरलेले असताना, लावावीत. याहून उशीर केल्यास डेंगळ्यांची भीती कमी होते, पण बारीक रोपे गोठण-वितळणीत मुळांसकट वर उचलली जातात.

ऑगस्टमध्ये माती तापलेली असते आणि तापल्या मातीत कांद्याचे बी नीट उगवत नाही, त्यामुळे उगवण होईपर्यंत वाफ्यावर सावली करावी व ओल टिकवावी. बी मात्र ताजेच घ्यावे, कारण ते एक-दोन वर्षांतच निकामी होऊ लागते. वाणही हिवाळ्यासाठी निवडलेला हवा. ‘सेन्शू यलो’सारखे जपानी वाण याच कामासाठी ओळखले जातात.

उत्तर (पात): मी बी न टाकता छोटे कांदे, म्हणजे ‘सेट’, लावते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, शेंडा जेमतेम दिसेल इतपत खोल, 10 सेंटीमीटर अंतरावर. दोन सेंटीमीटरहून जाड सेट बाजूला काढते, कारण डेंगळे बहुधा त्यांनाच येतात. कडक गारठ्यानंतर एकदा वाफ्यातून फिरून वर आलेले कांदे बोटांनी पुन्हा दाबून बसवावे लागतात. हे काम टाळू नये.

प्रश्न (परसबाग): खूप आभार. लागवडीच्या वेळी मी भरपूर शेणखत आणि वरून नत्रही दिले होते. तेही चुकले का?

उत्तर (गादीवाफा): शरद ऋतूत नत्र दिल्याने पात लुसलुशीत होऊन थंडीला बळी पडते आणि मानही लवकर जाड होते, म्हणून तेव्हा फक्त पूर्ण कुजलेले खत द्यावे. उलट हिवाळा सरत असताना, नवी पात हलू लागली की नत्राचे वरखत अवश्य द्यावे. त्या वेळी उपासमार झाली तरी डेंगळे वाढतात. वाफ्यात पाणी साचत असेल तर आधी निचरा पाहावा, कारण ओल्या गारठ्यात मुळे कुजतात. ज्या जागी मागे पांढरी सड आली होती, तेथे कांदा लावूच नये. तिची बुरशी मातीत कित्येक वर्षे टिकते.

उत्तर (पात): एक राहिले. डेंगळे आलेले कांदे वाळवून साठवू नयेत, दांड्यापाशी ते लवकर सडतात. दिसताच उपटून पातीसकट वापरावेत. बाकीचे जूनमध्ये माना पडल्यावर काढावेत, पण हे कांदे मुळातच फार टिकत नाहीत, तेव्हा वसंतातल्या लागवडीचा कांदा हाती येईपर्यंत पुरतील इतकेच लावावेत.