सपाट काळ्या वावराचं निसर्गचित्र: आभाळ, झाडं, माती असे तीन पट्टेच का दिसतात?

पयनघाट_रेखाटन:
नमस्कार. चित्रकला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निसर्गचित्राच्या सबमिशनसाठी दर्यापूर (जि. अमरावती) भागातली वावरं जलरंगात करतोय. इकडे जमीन ताटासारखी सपाट. वर आभाळ, मधे झाडांची रेघ, खाली माती, एवढंच कागदावर उतरतं आणि खोली येत नाही. आभाळाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) अर्ध्यात सुकतो, कडक रेघा पडतात. मातीला आयव्हरी ब्लॅक लावला की ती मेल्यासारखी दिसते. कागद २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा), पाव शीट. ब्रश गोल, ८ नंबर. पाणी बोअरचं. बसायची वेळ सकाळी नऊ ते अकरा. नेमकं काय बदलू?

धुऱ्यावरून:
भाऊ, आधी वेळ बदला. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर सूर्य वर चढलेला असतो, सावल्या झाडाच्या बुडाशी गोळा होतात आणि ढेकळांना उजेडाची बाजू न् अंधाराची बाजू उरत नाही. सपाट जमिनीत उठाव दाखवायला सावलीशिवाय दुसरं काही नाही. सकाळी सहा ते साडेआठ, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर बसा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांचे आकार पेन्सिलीने पक्के करा. नंतर त्या कितीही हलल्या तरी कागदावरच्या बदलू नका. नऊच्या सावल्या साताच्या चित्रात आल्या की उजेड दोन दिशांनी येतोय असं वाटतं.

आता पट्ट्यांचं. क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची उंची, हे पुस्तकात सगळे वाचतात, पण सपाट वावरात त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा डोंगराळ भागात होत नाही. तुम्ही उभे राहून चित्र काढत असाल, तर तुमच्याच उंचीच्या उभ्या माणसाचं डोकं क्षितिजावरच येतं, मग तो वीस फुटांवर असो की दोनशे. फक्त पाय वर सरकतात आणि आकृती लहान होते. धुऱ्यावर (बांधावर) बसून काढत असाल, तर क्षितिज उभ्या माणसाच्या साधारण कमरेतून जातं. कापूस वेचणीच्या बाया, बंडी (बैलगाडी), बैल, विजेचे खांब यांची मापं एकाच रेषेवरून ठरतात. हे चुकलं की लांबची माणसं हवेत तरंगतात, आणि चुकतं ते बहुतेक इथंच.

बसलं की डोळा खाली येतो, माती चेपून पातळ पट्टी होते आणि आभाळ मोठं दिसतं. बंडीवर उभं राहिलं की तास (नांगरटीच्या, पेरणीच्या रेघा) उघडे होतात, जमीन लांबवर पसरते. विषय आभाळाचा असेल तर बसा आणि क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात घ्या. वावराचा असेल तर उंचावर जा आणि ते वरच्या तिसऱ्या भागात घ्या. मधोमध घेतलं तर चित्राचे दोन तुकडे होतात.

आणि तासांना सरळ सामोरे बसू नका. सगळे तास क्षितिजावर एकाच बिंदूत मिळतात. तो बिंदू कागदाच्या मध्यावर आला तर नजर तिथंच अडकते. थोडं तिरपं बसा, बिंदू कागदाच्या कडेला किंवा बाहेर जाऊ द्या. कपाशीत मधेमधे तुरीच्या ओळी असतील तर फारच चांगलं: त्या उभ्या असतात, आडवे पट्टे तोडतात आणि मागे जाताना जवळजवळ येत जातात. पांदण रस्ता, पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) ढीग, एखादी एकटी बाभूळ यांचंही काम तेच. झाडांची रेघ एकसंध ओढू नका. दोन-तीन ठिकाणी तोडा, म्हणजे फटीतून आभाळ जमिनीला भिडतं.

रंग लावायच्या आधी २ बाय ३ इंचाची चार रेखाटनं करा, 4बी पेन्सिलीने, प्रत्येकी पाच मिनिटं, फक्त तीन छटांत: उजळ, मध्यम, गडद. डोळे बारीक करून बघा. तिन्ही छटा आडव्याच पसरल्या असतील तर जागा बदला. रंगाने ते सुधारत नाही.

रंगपेटी_अकोला:
वॉशबद्दल. कोरड्या उन्हाळी वाऱ्यात २०० जीएसएमचा लाकडी लगद्याचा कागद मिनिटभरात सुकतो आणि फुगतोही. ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत), कापसाचा कागद घ्या. महाग आहे, म्हणून पूर्ण शीट (२२ बाय ३० इंच) घेऊन चार तुकडे करा.

कागद दोन्ही बाजूंनी स्पंजने भिजवा, पाच मिनिटं मुरू द्या आणि सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवा. लाकडी बोर्ड पाणी पितो, सनमायका पीत नाही. खालची ओल टिकते आणि वर काम करायला वेळ मिळतो. वरची चकाकी जाईपर्यंत थांबा, मग वॉश. बोर्डाला १० ते १५ अंश उतार द्या. आभाळाचा रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, पाव शीटला दोन मोठे चमचे लागतो. मधेच रंग संपला आणि पुन्हा कालवायला घेतलात की तिथं रेघ आलीच. ८ नंबरचा ब्रश यासाठी लहान आहे. एक इंची चपटा किंवा १२-१४ नंबरचा गोल वापरा. प्रत्येक फटकाऱ्याच्या खालच्या कडेला थेंबांची ओळ साचलेली हवी, पुढचा फटकारा तिलाच ओढत न्यायचा. अर्धवट सुकलेल्या जागी पुन्हा ब्रश लावू नका. नवं पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग उमटतात.

ग्लिसरीन चालतं: १०० मिलिलिटर पाण्यात चार-पाच थेंब, बस. जास्त झालं तर कागद चिकट राहतो आणि वावरातली धूळ धरतो.

बोअरचं पाणी मात्र बंद करा. तुम्ही खारपाणपट्ट्यात (जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात) आहात. क्षारांमुळे रंगाचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, अल्ट्रामरीन (गडद निळा) तर लगेच दाणेदार होतो, आणि गडद जागांवर सुकल्यावर पांढुरकी झाक येते. प्यायचं आरओचं पाणी घ्या. दोन डबे ठेवा: एक ब्रश धुवायला, एक फक्त रंग कालवायला.

कागदावर थेट ऊन नको. उन्हात रंग आहेत त्यापेक्षा उजळ दिसतात, म्हणून हात गडद लावत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री पांढरी किंवा काळी घ्या. रंगीत छत्रीचा रंग कागदावर पडतो.

काळी_कसदार:
काळी माती काळी नसते, हे आधी डोळ्यांना पटवा. उन्हाळ्यातली कोरडी नांगरट करड्या-तपकिरी रंगाची असते, उन्हाच्या बाजूला चांगलीच उजळ. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि फ्रेंच अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणाने सुरुवात करा. सिएना जास्त घातला तर उन्हातली ढेकळं, अल्ट्रामरीन जास्त घातला तर सावली. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि मातीचा पोत आपोआप मिळतो. चांगल्या पाण्यात हा दाणेदारपणा हवा तेवढाच राहतो. थॅलो ब्लू वापरू नका, सिएनाबरोबर हिरवट होतो. पावसानंतरची माती खरोखर गडद, पण तिच्यात आभाळ उतरतं, म्हणून ओल्या तासांत निळसर फिकी रेघ सोडा.

जवळची ढेकळं आणि भेगा मोठ्या, कडा स्पष्ट. मधल्या पट्ट्यात फक्त ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा खरबरीत हात). लांब नुसता सपाट वॉश. सगळीकडे सारखी ढेकळं काढणं हेच खोली न येण्याचं अर्धं कारण.

क्षितिज निळंच असतं हेही इथं धरून चालू नका. मे महिन्यात हवेत धूळ असते, लांबची झाडं गेरकट-करडी दिसतात. त्यांना यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर निळा. पहिल्या पावसाने हवा धुतली की तीच झाडं गडद आणि जवळ आल्यासारखी वाटतात. अंजनगाव-अचलपूरकडे गेलात तर सातपुड्याची रांगही तशीच वागते.

पयनघाट_रेखाटन:
धन्यवाद सगळ्यांना. एक राहिलं. फेब्रुवारी-मार्चचा पळस करायचा असेल तर निळ्या आभाळावर केशरी रंग मातकट होतो. आधी फुलं की आधी आभाळ?

रंगपेटी_अकोला:
आधी फुलांची जागा कोरी ठेवा. केशरी आणि निळा परस्परविरोधी रंग, एकमेकांवर चढले की तपकिरी होणारच. फुलांच्या झुपक्यांवर मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखणारा, नंतर सोलून निघणारा द्रव) लावा, पूर्ण सुकल्यावर आभाळ करा, तेही सुकलं की बोटाने घासून काढा. उन्हात तासन्‌तास ठेवू नका, ते कागदाला धरतं आणि काढताना पापुद्रा निघतो. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर केस कायमचे चिकटतात. ठिपके सगळ्या झाडभर पेरू नका. फुलं निष्पर्ण फांद्यांवर झुपक्यांनी येतात, आणि देठाजवळचा भाग मखमली काळपट असतो. तो गडद रंग मोजक्या ठिकाणी दिला की केशरी आपोआप पेटतो.