जपानी ताटातल्या पानांना मराठीत काय म्हणावं?

टाकळा
एका जपानी पाककृतीच्या पुस्तकाचं मराठी करतेय. साशिमीच्या, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांच्या बशीत माशाखाली शिसो नावाच्या वासाच्या पाल्याचं हिरवं पान असतं, कडेला एखादं मेपलचं लाल पान, या सगळ्याला तिकडे त्सुमामोनो म्हणतात. मी 'शोभेची पानं' लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'पत्रावळ' केलंय. पण पत्रावळ म्हणजे जिच्यावर जेवतो ती ना? खाली बशी आहेच की. आणि शिसो खातात, मेपल खात नाहीत, मग दोघांना एकच शब्द कसा लावायचा?

निशिकासाईकर
पत्रावळ अजिबात नको. ती काड्यांनी टाचलेली असते, इथे एकच सुटं पान आहे. पदार्थाखाली पान घालतात त्याला काइशिकी असा वेगळा शब्द आहे. त्सुमा म्हणजे माशाच्या सोबतीला येतं ते, मुळ्याचा बारीक कीस, शिसो वगैरे. आपल्याकडची 'डावी बाजू' म्हणा की सरळ.

मोडीवाचक
डाव्या बाजूला चटणी कोशिंबीर असते, सगळं पोटात जाणारं. मेपलला डावी बाजू म्हटलं तर वाचणारा ते खाईल ना. 2008 च्या जूनमध्ये जपानमधल्या त्सुकुबात एका ठिकाणी शोभेला ठेवलेली हायड्रेंजाची पानं लोकांनी खाल्ली आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा खायचं का नुसतं बघायचं हे शब्दातूनच कळायला हवं. मी 'पर्णभूषण' सुचवतो.

चुलीपाशी
पर्णभूषण ओट्याशी उभं राहून कोण म्हणणार? आणि खायचं का नाही हे शब्दाने ठरत नाही हो, पानापानावर आहे. मोची म्हणजे चिकट तांदळाचा गोड गोळा, त्यातल्या साकुरामोचीचं चेरीचं पान मिठात मुरवलेलं असतं, मऊ पडलेलं, भाताला असं चिकटतं की सोडवायला गेलं तर फाटतं, म्हणून बहुतेक जण तसंच खातात, आणि तो जो गोडसर वास येतो तो मुरल्यावरच येतो, झाडावरच्या ताज्या पानाला नसतो. काशिवामोचीचं ओकचं पान मात्र जाड, चामड्यासारखं, ते काढूनच टाकायचं. दोन्ही पानात गुंडाळलेल्या मोचीच.
जाता जाता, शिसोला 'जपानी तुळस' करू नका प्लीज. कूळ तुळशीचं आहे पण उत्तराखंडात भंगजीरा म्हणतात ना, ती हिची खरी बहीण. जपानी भाजीवाल्याकडे हीच ओबा नावाने मिळते, दहा दहा पानांची जुडी.

देशावरची
काशिवाची व्युत्पत्ती मला फार आवडते, काशिकी म्हणजे शिजवणं आणि हा म्हणजे पान. सगळे मानत नाहीत, मी मानते. त्या झाडाचं जुनं पान नवा कोंब आल्याशिवाय गळत नाही, म्हणून वंश चालू राहावा या भावनेने 5 मेच्या मुलांच्या सणाला ती मोची करतात.
आणि पत्रावळीवर एवढं तुटून पडू नका. मान्योशू या जुन्या जपानी कवितासंग्रहात राजपुत्र आरिमाची कविता आहे, त्याला 658 साली बंडाच्या आरोपावरून पकडून नेत होते तेव्हाची. घरी असतो तर भांड्यात वाढला असता तो भात प्रवासात शिई नावाच्या झाडाच्या पानावर वाढतोय, असं म्हणतो. ही पत्रावळ नाही तर काय आहे?

मोडीवाचक
ती गरज होती. आताची सजावट आहे. शब्द वेगळाच हवा.

निशिकासाईकर
सजावट म्हणून हलकं समजू नका. शिकोकू बेटावर कामिकात्सु म्हणून डोंगरातलं गाव आहे, 1981 च्या थंडीत तिथली संत्र्यांची झाडं मेली, मग सहकारी संस्थेतल्या योकोइशी तोमोजी यांनी 1986 पासून हीच मेपलची, नंदिना या शोभेच्या झुडपाची पानं हॉटेलांना पाठवायला सुरुवात केली. पानं तोडणं, पुसणं, एका मापाची निवडणं, सगळं म्हाताऱ्या बायका करतात, ऑर्डर टॅबलेटवर बघतात. त्या बायकांचा संसार चालतो त्याच्यावर.

चुलीपाशी
वा! आणि बेंतोत, म्हणजे जपानी जेवणाच्या डब्यात, हिरव्या प्लॅस्टिकचं कातरलेलं गवत असतं ना, बारान, ते मुळात हारान नावाच्या झाडाचं खरं पान. पान गेलं, नाव राहिलं. आपली पत्रावळ कागदाची झाली तरी आपण पत्रावळच म्हणतो. वापर शब्द ठरवतो, कोश नाही.

मोडीवाचक
म्हणून चुकीचा वापर बरोबर होत नाही.

देशावरची
निशिकासाईकर, तिकडे जपानात हळदीची पानं मिळतात का हो? गौरीला पातोळ्या करायच्यात.

निशिकासाईकर
नेहमी नाही मिळत. आम्ही मिओगाच्या पानात करतो, आल्या-हळदीच्याच कुळातलं आहे, वास सौम्य पण छान उतरतो. गिफूकडे याच पानात गुंडाळून गोड पदार्थ करतात.

मोडीवाचक
मग त्याला पातोळी म्हणू नका. हळदीच्या पानाशिवाय पातोळी नाही.

देशावरची
का नाही? आत खोबरं-गूळ आहे, वरून पान आहे, वाफवलंय. माझी आजी पान कमी पडलं की केळीच्या पानात करायची आणि पातोळीच म्हणायची.

मोडीवाचक
केळीच्या पानातली ती पानगी.

चुलीपाशी
पानगीत सारण नसतं! ती तव्यावर भाजतात. आधी हे नीट ठरवा.